ती आपल्याकडे का बघत नाही? ब्रॉन्झिनोने रंगवलेली लाउरा बात्तिफेर्री

एका वाचक बाईंचा प्रश्न आहे: "मागच्या महिन्यात फ्लॉरेन्सच्या पालात्झो वेक्योमध्ये ब्रॉन्झिनोने काढलेलं कवयित्री लाउरा बात्तिफेर्रीचं चित्र पाहिलं. मला ती फार उदास वाटली. माझी बहीण म्हणाली, 'चांगलीच आखडू दिसतेय.' नंतर कुठेतरी वाचलं की पुस्तक म्हणजे विद्वत्ता, गळ्यातली साखळी म्हणजे बंधन आणि डोक्यावरचं तलम वस्त्र म्हणजे वैधव्य. हे खरं धरायचं का? अशा चित्रातला भाव ओळखायचा तरी कसा?"

वैधव्याचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो तारखांनीच निघतो. लाउराचा पहिला नवरा ऑर्गन वाजवणारा होता, तो १५४९ मध्ये वारला. १५५० मध्ये तिने शिल्पकार बार्तोलोमेओ अम्मानातीशी लग्न केलं. चित्र त्यानंतरचं, १५५५ ते १५६० च्या सुमाराचं. काही अभ्यासक ते थोडं पुढेही नेतात. म्हणजे चित्रातली बाई चांगली संसारी आहे. तिच्या नवऱ्याच्या हातचा नेपच्यून, म्हणजे रोमन समुद्रदेव, तुम्ही त्याच इमारतीच्या बाहेर, चौकातल्या कारंज्यात पाहिला असणार. पांढरा, भलामोठा. गावकरी त्याला 'बियांकोने' म्हणतात, म्हणजे पांढरा धिप्पाड गडी. डोकं झाकणं ही त्या काळच्या लग्न झालेल्या, घरंदाज बाईची रीत होती. आपल्या पणजीच्या डोक्यावरच्या पदरात आपण दुःख शोधत नाही, तसंच हे.

साखळीचंही तेच. काहीही प्रतीक ठरवण्याआधी मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारते: ही वस्तू चित्रात नसती तर त्या काळच्या माणसाला चुकल्यासारखं वाटलं असतं का? वाटलं असतं, तर ती रीत आहे, पोशाखाचा भाग आहे. बऱ्या घरच्या बाईच्या गळ्यात सोन्याची साखळी असायचीच. उलट जी गोष्ट असायचं काहीच कारण नव्हतं आणि तरीही आहे, तिथे थांबायचं. या चित्रात अशा दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे तिचा बाजूने दाखवलेला चेहरा. दुसरी, ते पुस्तक. पुस्तक असणं नवलाचं नाही, ते ज्या तऱ्हेने धरलंय ते नवलाचं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. ती उदास की गर्विष्ठ, हा वाद तुम्ही दोघी बहिणी तिच्या चेहऱ्यावरून घालताय. चेहऱ्यावरून तो मिटत नाही, कारण भाव चार ठिकाणांहून येऊ शकतो: बसलेल्या माणसाकडून, चित्रकाराच्या हाताच्या वळणातून, त्या काळच्या रिवाजातून, आणि आपल्याकडून. परदेशात दिवसभर चालून पाय दुखत असताना संध्याकाळी पाहिलेली चित्रं जरा जास्त उदास दिसतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

मी वीसेक वर्षं चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना कलेतिहास आणि रसास्वाद शिकवत आले आहे. पहिली दहा मिनिटं वर्गात विशेषणं बंद असतात. उदास, गंभीर, गूढ, काहीही म्हणायचं नाही. फक्त दिसतं ते सांगायचं. लाउराच्या बाबतीत ते साधारण असं येतं: मागे सपाट राखाडी भिंत, बाकी काही नाही. गडद, साधे कपडे. लांब मान, त्यावर लहानसं डोकं, संपूर्ण बाजूने. मोठं, बाकदार नाक. नजर चौकटीच्या बाहेर. खाली हातात उघडं पुस्तक, आणि त्याची पानं तिच्याकडे नाहीत, आपल्याकडे आहेत. एका हाताची लांबसडक बोटं पानावर फाकलेली. अक्षरं वाचता येतात.

एवढं सांगून झालं की एखादी मुलगी हमखास विचारते, "मॅडम, पण ती वाचत नाहीये, मग पुस्तक कोणासाठी?" तिथून खरं चित्र सुरू होतं.

मात्र आधी चेहऱ्याकडे. आपल्या लघुचित्रांच्या परंपरेत अशा चेहऱ्याला 'एकचश्म' म्हणतात: बाजूने पाहिलेला, एकच डोळा दिसणारा. शाहजहानची दरबारी चित्रं आठवा. तो बादशहा आपल्याकडे बघत नाही म्हणून त्याला कुणी उदास म्हणत नाही, आखडूही म्हणत नाही. तिथे एकचश्म हाच रिवाज आहे आणि रिवाजातून भाव निघत नाही. इटलीतही पंधराव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत असंच होतं. उर्बिनोच्या ड्यूक आणि डचेसची पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने काढलेली जोडी तुम्ही फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी कलासंग्रहालयात पाहिली असेल, दोघं समोरासमोर, दोघं एकचश्म. पण पुढे लिओनार्दोच्या पिढीने माणूस तीन चतुर्थांश वळवून आपल्यासमोर बसवला आणि जुनी पद्धत मागे पडली. ब्रॉन्झिनो लाउराला रंगवत होता तेव्हा एकचश्म चित्र जुनाट होतं. आज कुणी स्वतःच्या लग्नाचे फोटो मुद्दाम कृष्णधवल काढून घेतले तर आपण लगेच ओळखतो ना, की यामागे काहीतरी विचार आहे? तसं ते फ्लॉरेन्सच्या माणसाला दिसलं असणार.

म्हणून शाहजहानच्या बाबतीत जो प्रश्न विचारायचा नाही, तो इथे विचारायचाच: का?

इथे चित्रकाराच्या हाताचं वळण तपासावं लागतं. ब्रॉन्झिनो (१५०३ ते १५७२) हा फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या दरबाराचा चित्रकार. उफ्फिझीत त्याची डचेस एलेओनोरा दि तोलेदो, मुलाला जवळ घेऊन बसलेली, बघा. लुक्रेत्सिया पांचातिकी ही दुसरी घरंदाज बाई बघा. सगळ्यांची कातडी संगमरवरासारखी गुळगुळीत, कुठे ब्रशचा फटकारा दिसणार नाही, आणि चेहऱ्यावर काडीचाही भाव नाही. एलेओनोराच्या मांडीशी लेकरू आहे तरी चेहरा तसाच. तेव्हा लाउराच्या चेहऱ्यातला थंडपणा तिच्या नावावर मांडता येत नाही. तो ब्रॉन्झिनोच्या दुकानातला नेहमीचा माल आहे, गिऱ्हाईक कुणीही असो. तुम्हाला जाणवलेल्या उदासीतला बराचसा भाग इथेच वजा होतो.

मात्र ती गिऱ्हाइकं बहुतेक आपल्याकडे बघतात किंवा निदान तीन चतुर्थांश वळून बसतात, मागे पडदे असतात, खांब असतात. उगोलिनो मार्तेल्ली या तरुण विद्वानाच्या चित्रात तर मागे अख्खा वाड्याचा चौक आहे आणि टेबलावर ग्रीक महाकवी होमरचं पुस्तक उघडं आहे. लाउराला यातलं काहीच नाही. वजाबाकी करून जे उरतं ते तिचं: वळलेलं तोंड, रिकामी भिंत, आपल्याकडे केलेलं पुस्तक.

ती रिकामी भिंत मला बरीच वर्षं फसवत होती. सुरुवातीला मी हे चित्र वर्गात 'एकाकीपणा' या विषयाखाली दाखवायचे. आमच्याकडची स्लाइड जुनी, निळसर पडलेली. पानावरची अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. त्या निळ्या पोकळीत ती बाई मला जगापासून तुटलेली दिसायची, आणि मी त्यावर चांगली अर्धा तास बोलायचे. तिच्या चरित्रातून आधारही मिळायचा: चर्चच्या एका मोठ्या पदाधिकाऱ्याची अनौरस मुलगी, लहान वयात वैधव्य, दुसऱ्या नवऱ्याला नोकरी मिळाली म्हणून १५५५ मध्ये रोम सोडून फ्लॉरेन्सला यावं लागलं. बसतंय ना सगळं? तेच तर वाईट. चरित्रात दुःख शोधलं की कुणाच्याही सापडतं आणि ते कुठल्याही चित्राला डकवता येतं.

मूळ चित्र पाहिलं तेव्हा ती भिंत पोकळी वाटेना, नाण्याची पार्श्वभूमी वाटायला लागली. पदकांवर असतो तसा सपाट भाग, ज्यावर चेहऱ्याची रेघ सुरीने कापल्यासारखी उठून दिसते. रोमन सम्राटांची नाणी एकचश्म असायची आणि इटलीत पंधराव्या शतकापासून थोरामोठ्यांची पदकं त्याच धर्तीवर पडायला लागली होती. मागे काही नाही ते यासाठी की बाह्यरेषेशिवाय दुसरीकडे नजर जाऊ नये. माझ्या विद्यार्थ्यांच्या ज्या तुकड्यांनी एकाकीपणा ऐकला, त्यांची माफी मागायची राहूनच गेली.

आता ती बाह्यरेषा कुणाची आठवण करून देते? इटलीतल्या कुठल्याही शाळकरी मुलाला विचारा. ते बाकदार नाक दान्तेचं आहे, इटलीच्या सगळ्यात थोर कवीचं. दान्तेचा चेहरा इटलीत आपल्याकडच्या गांधीजींच्या चष्म्याइतका ओळखीचा, आणि जुना इटालियन लेखक बोकाच्चोने त्याच्या नाकाचं वर्णन 'गरुडासारखं' असंच करून ठेवलंय. याहून महत्त्वाचं म्हणजे ब्रॉन्झिनोने स्वतः दान्ते रंगवला होता, १५३० च्या दशकाच्या सुरुवातीला, बार्तोलोमेओ बेत्तिनी नावाच्या फ्लॉरेन्सकराच्या घरातल्या एका दालनासाठी. त्या चित्रातला दान्ते एकचश्म आहे, नजर दूर, आणि हातातलं मोठं पुस्तक आपल्याकडे उघडलेलं. पान त्याच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्यातल्या 'स्वर्ग' खंडाच्या पंचविसाव्या सर्गाचं: हद्दपार झालेला कवी म्हणतो की या काव्याच्या जोरावर मी एक दिवस गावी परत येईन आणि लॉरेलच्या पानांचा, कवीच्या मानाचा मुकुट घालून घेईन.

पंचवीसेक वर्षांनी तोच चित्रकार एका बाईला त्याच बैठकीत बसवतो: तोच एकचश्म चेहरा, तेच आपल्याकडे उघडलेलं पुस्तक. याला मी योगायोग म्हणणार नाही. त्या शहरात बाईचं चित्र म्हणजे वधू, पत्नी, आई, झालंच तर संत. कवी म्हणून बसवायचं तर घडवलेला साचाच नव्हता, म्हणून ब्रॉन्झिनोने सगळ्यात मोठ्या कवीचा साचा तिच्यासाठी वापरला. लाउराचं नाक खरंच एवढं होतं की चित्रकाराने दान्तेकडे झुकवलं, यावर हवा तेवढा वाद घाला. माझ्या दृष्टीने त्याने फरक पडत नाही. नाक तिचंच असेल तर ब्रॉन्झिनोने ते लपवलं नाही, मिरवलं; आणि लपवण्यात तो किती पटाईत होता हे त्याच्या बाकीच्या चित्रांवरून कळतं.

उर्बिनोचा मोह मात्र टाळा. लाउराचा जन्म तिथला, १५२३ चा, आणि पिएरोची ती प्रसिद्ध एकचश्म जोडीही तिथलीच. जोडावंसं वाटतं. पण दान्तेच्या बाबतीत स्वतः ब्रॉन्झिनोचं चित्र हातात आहे, उर्बिनोच्या बाबतीत फक्त गावाचं नाव. एवढ्या धाग्यावर मी काही टांगत नाही.

आता पुस्तक, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

ते पेत्रार्क या इटालियन कवीचं आहे. पेत्रार्कने (१३०४ ते १३७४) ३६६ कवितांचा संग्रह लिहिला, त्यातल्या बहुसंख्य लाउरा नावाच्या स्त्रीवरच्या. ती त्याला १३२७ मध्ये आव्हिन्योंच्या एका चर्चमध्ये दिसली, एवढंच तो सांगतो. पुढची अडीचशे वर्षं युरोपात प्रेमकविता म्हणजे पेत्रार्कसारखी कविता. तो 'लाउरा' या नावावर सतत श्लेष करतो: 'लाउरो' म्हणजे लॉरेलचं झाड, कवींच्या मुकुटाचं. (आपल्या मसाल्यातलं तमालपत्र नव्हे, त्याच्या कुळातलं.) 'ल आउरा' म्हणजे झुळूक. म्हणजे पेत्रार्कला लाउरा हवी होती आणि लाउरोही हवा होता. रोममध्ये १३४१ साली त्याला लॉरेलचा मुकुट मिळाला. लाउरा मिळाली नाही.

आणि आता दोनशे वर्षांनी लाउरा नावाचीच बाई कविता करते आहे. तिच्या गावातल्या मित्रमंडळींनी हा श्लेष सोडला असता तर नवल. ब्रॉन्झिनो स्वतः कवी होता, फुटकळ नव्हे, चांगला मुरलेला, आणि दोघांमध्ये सुनीतांची देवाणघेवाण चालायची. लाउराचा पहिला संग्रह १५६० मध्ये फ्लॉरेन्सला निघाला, डचेस एलेओनोराला अर्पण केलेला, त्यात तिच्या कवितांसोबत इतरांनी तिला लिहिलेल्या कविताही छापल्या आहेत. ब्रॉन्झिनोने तिच्यावर लिहिलेली एक ओळ प्रसिद्ध आहे, तिचा अर्थ असा: आतून सगळी लोखंड आणि बाहेरून बर्फ. 'बात्तिफेर्री' या आडनावाची फोड केली तर 'लोखंड ठोकणारी' असं काहीसं होतं. म्हणजे लोखंड तिच्या नावातून आलं, आणि बर्फ पेत्रार्कच्या लाउराकडून, जी प्रियकराला कधी दाद देत नाही.

तुमच्या बहिणीला जो आखडूपणा दिसला तो हा बर्फ. तिची नजर चांगली आहे. फक्त तो बर्फ बाईच्या स्वभावातून आलेला नाही. तो एका काव्यखेळातून आलाय, ज्यात ती स्वतः सामील आहे.

हे मी आडनावावरच्या एका कोटीवरून म्हणत नाही. पुस्तकाची पानं वाचा. समोरासमोर दोन सुनीतं आहेत, पेत्रार्कच्या संग्रहातलं ६४ वं आणि २४० वं. कुठल्याही सरळ छापलेल्या प्रतीत ही दोन पानं समोरासमोर येणार नाहीत, मधल्या पावणेदोनशे कविता कुठे जातील? म्हणजे हे दुकानातून आणलेलं पुस्तक नाही. पान मुद्दाम जुळवलंय. संपूर्ण चित्रात याच्याइतका हेतू उघड सांगणारी दुसरी खूण नाही, आणि विद्वत्तेचं प्रतीक म्हणून पुढे गेलं की नेमकी हीच निसटते.

६४ व्या सुनीतात प्रियकर म्हणतो, ढोबळ अर्थाने: कपाळाला आठ्या घालून, नजर झुकवून, मान वाकवून, इतरांपेक्षा घाईने पळ काढून, माझ्या साध्यासुध्या विनवण्यांकडे तोंड फिरवून तुम्हाला माझ्या काळजातून निघून जाता आलं असतं, तर तुमचा राग मी रास्त मानला असता. उमदं झाड रुक्ष जमिनीत शोभत नाही हे मला कळतं. पण दैवानेच तुम्हाला दुसरीकडे जाऊ दिलं नाही, तर निदान ती जागा तुम्हाला कायम नकोशी राहू नये एवढं बघा.

तोंड फिरवून! चित्राकडे परत बघा. जी ओळ पानावर आहे तीच तिची मान करते आहे. मघापासून आपण ज्याला तिचा मूड म्हणत होतो, तो निम्मा तरी कवितेतल्या ओळीचा अभिनय आहे. काळजात रुजलेलं ते झाडही त्या कवितेत लॉरेलच आहे, म्हणजे पुन्हा तिचंच नाव.

दुसऱ्या सुनीतात तोच प्रियकर प्रेमदेवाला गळ घालतो की माझ्या वतीने तिची माफी माग. शेवटी तो तिच्याच तोंडी बोल घालतो. तिने न रागावता एवढंच म्हणावं: हा बिचारा दुसरं करणार तरी काय? माझा चेहरा त्याला पोखरतोय. तो इतका हावरा का, आणि मी इतकी सुंदर का? थोडा मिश्किल शेवट आहे. ज्या कडक चेहऱ्याच्या हातात ब्रॉन्झिनोने ही ओळ दिली, त्या चेहऱ्याकडे बघून त्याची मित्रमंडळी गालातल्या गालात हसली असतील असं मला वाटतं. मग ब्रॉन्झिनो तिच्या प्रेमात होता का? हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. असल्या कविता त्या वर्तुळात सगळेच सगळ्यांना लिहायचे, बायकांना आणि पुरुषांनाही. लावणीतली विरहिणी खरी कोण, असं आपण शाहिराला विचारत नाही.

पुस्तकावर बोट ठेवून बसलेली बाई तशी नवी नाही. उफ्फिझीतच आंद्रेआ देल सार्तोचं १५२८ च्या सुमाराचं चित्र आहे, पेत्रार्कचं छोटं पुस्तक घेतलेली तरुणी. तीही दोन सुनीतांकडे बोट दाखवते. पण ती आपल्याकडे बघते, ओठांच्या कोपऱ्यात हसू धरून, जणू म्हणते, वाचलंत का हे? मी ही दोन चित्रं वर्गात शेजारी लावते. वस्तू तीच, कवी तोच, बोटं तीच, शहर तेच, आणि भाव दोन टोकांचे. पहिलीच्या हातात प्रेमकवितेचं पुस्तक आहे म्हणजे ती प्रेमकवितेची वाचक. लाउराच्या हातात तेच पुस्तक आहे तेव्हा ते तिच्या धंद्याचं हत्यार आहे, सोनाराच्या हातातल्या चिमट्यासारखं. पेत्रार्कची भाषा, छंद, प्रतिमा, सगळं घोटून ती स्वतः लिहीत होती. सिएनाच्या इन्त्रोनाती या विद्वानांच्या मंडळाने तिला सदस्य करून घेतलं, ही बाईसाठी साधी गोष्ट नव्हती. त्यामुळे एकाच वेळी ती कवितेतली लाउराही आहे आणि कविता लिहिणारा पेत्रार्कही. पुस्तक म्हणजे विद्वत्ता, हे म्हणणं चुकीचं नाही. फक्त ते 'जेवण म्हणजे अन्न' म्हटल्यासारखं आहे.

आता तुम्ही घरी करून बघावा असा एक प्रयोग. बहिणीला समोर बसवा. ताठ बसून एक वही उघडा आणि तिला वाचता येईल अशी तिच्याकडे धरा. एका हाताची बोटं पानावर पसरा. आणि तोंड पूर्ण बाजूला वळवून, हनुवटी न झुकवता, दूर बघत राहा. दोन मिनिटं. मी मुलांना हे करायला लावते तेव्हा खांदे भरून येतात, मनगट दुखतं, आणि "कसं वाटलं" विचारल्यावर आजवर एकानेही उदास म्हटलेलं नाही. कष्टाचं वाटलं, अवघडल्यासारखं वाटलं, एकदा एक मुलगा म्हणाला, "मुंजीत बसवल्यासारखं." शरीराला ती बैठक विश्रांतीची नाही, मांडलेली आहे. उदास माणूस ढिला पडतो. युरोपात तेव्हा विद्वानांच्या खिन्नतेची मोठी हवा होती; जर्मन चित्रकार ड्युररने १५१४ मध्ये कोरलेली ती खिन्न, पंख असलेली स्त्री बघा, मूठ गालाला लावून बसलेली. खिन्नता दाखवायची तर ती ठरलेली खूण ब्रॉन्झिनोला ठाऊक असणारच. डोकं हातावर टेकवायचं, की झालं. त्याने ते केलं नाही. लाउराचं डोकं कशालाच टेकलेलं नाही.

तेव्हा माझं उत्तर असं. ती उदास नाही. आखडूही नाही, पण बहिणीचा शब्द तुमच्या शब्दापेक्षा चित्राच्या जास्त जवळ आहे. आपल्याकडे यासाठी चांगला शब्द आहे: आब. स्वतःच्या जागेची जाणीव असलेल्या माणसाचा ताठपणा, ज्याला समोरच्याला खाली दाखवायची गरज नसते. आणि त्या आबेच्या आत एक गंमत लपलेली आहे, जी पान वाचणाऱ्यालाच कळावी.

हे सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. चित्राची तारीख १५६० च्या आसपास धरली तर ते तिच्या संग्रहाच्या वेळचं ठरतं, म्हणजे आज पुस्तकाच्या मलपृष्ठावर लेखकाचा फोटो असतो त्याच्या जवळपासचं. चार-पाच वर्षं आधीचं धरलं तर नव्या गावात नुकत्याच आलेल्या कवयित्रीची मित्राने करून दिलेली ओळख. दोन्हींत आब राहते, पण पहिल्यात ती कमावलेली दिसते आणि दुसऱ्यात मागितलेली. चित्र कुठे टांगायचं होतं याचाही फरक पडतो. ही अक्षरं हातभर अंतरावरून वाचायची आहेत आणि चित्र जेमतेम पाऊण-एक मीटर उंचीचं. दरबारी दालनात लांबून पाहायची ही वस्तू नाही. चार माणसं पेत्रार्क पाठ म्हणणारी असली की मग ती बोलते. आणि दुसऱ्या चित्रांसाठी हेच सूत्र आंधळेपणाने लावू नका. मार्तेल्लीच्या चित्रात होमर उघडा आहे, तिथे एकचश्म चेहरा नाही, तिथे प्रश्न वेगळे. राफाएलने काढलेल्या कास्तिल्योने या दरबारी लेखकाच्या चित्रात तर पुस्तक नाही, प्रतीक नाही, काहीच नाही, नुसता राखाडी लोकरी-केसाळ पोशाख आणि मऊ नजर. तिथे या पद्धतीने शोधत बसलात तर हात रिकामे येतील आणि तुम्ही उगाच टोपीचा अर्थ लावत बसाल.

थोडक्यात क्रम सांगायचा तर, आधी रीत वजा करते, मग चित्रकाराची नेहमीची लकब वजा करते, उरलेलं दुसऱ्या जवळच्या चित्राशेजारी ठेवते, आणि चित्रात अक्षरं असली तर ती वाचल्याशिवाय तोंड उघडत नाही. चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी. इटालियन येत नसेल तरी अडत नाही, पेत्रार्कची भाषांतरं सहज मिळतात आणि सुनीताचे क्रमांक वर दिलेच आहेत.

तुमच्या फोनमध्ये त्या चित्राचा फोटो असेल तर चेहऱ्यावर अंगठा ठेवून फक्त खालचा अर्धा भाग बघा. आणि पुन्हा फ्लॉरेन्सला गेलात तर पालात्झो वेक्योहून चालत, मेदिची वाड्याजवळच्या सान जोव्हान्निनो चर्चमध्ये जा. अम्मानातीने ते नव्याने बांधायला घेतलं आणि नवरा-बायको दोघंही तिथेच पुरलेले आहेत. ब्रॉन्झिनोचा शिष्य आलेस्सान्द्रो अल्लोरीने तिथल्या वेदीवर बायबलमधला ख्रिस्त आणि कनानी स्त्रीचा प्रसंग रंगवलाय. त्या गर्दीत एक म्हातारी आहे. ती लाउराच, आणि पुस्तक अजून तिच्या हातात आहे.